तारेवरून आवाज, कागद आणि आकडे कसे जातात?
— ऊस विकास अधिकारी



या पानावर आपण एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. या वेळी विषय थोडा निराळा आहे, पण तुमच्या कामाचा आहे. गटसभांतून दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पहिला सोसायटीच्या सचिवांचा: "साहेब, जुना तारेचा फोन काढून फायबरचा घेतला. बोलणं झकास होतं, पण फॅक्स काही जात नाही. असं का?" दुसरा घरोघरचा: "पोरगा बदलापूरला असतो. मोबाइलवर त्याचा आवाज कधी शेजारी बसल्यासारखा येतो, कधी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. असं का?"

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. टेलिफोनची लाइन मुळात माणसाच्या बोलण्यासाठी बांधली गेली. कागद, आकडे, नोंदी यांना त्या लाइनवरून जायचे झाले तेव्हा आवाजाचे सोंग घ्यावे लागले. पुढे लाइन बदलली, बोलणे कमी जागेत दाबून भरले जाऊ लागले, आणि ते सोंग टिकेना. हे कसे झाले ते टप्प्याटप्प्याने पाहू.

लाइनची चाळण

आपल्या भागातली बरीच मंडळी नोकरी-धंद्यासाठी कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात राहतात. कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने गेलात, की ही गावे ओळीने लागतात. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या लष्करी छावण्यांतून १९४९ साली उभे राहिलेले शहर. अजूनही तेथे पत्ता कॅम्पच्या नंबराने सांगतात. अंबरनाथला आयुध निर्माणी आहे आणि औद्योगिक वसाहतीतली लहान-मोठी वर्कशॉप आहेत. उल्हास नदीकाठचे बदलापूर गेल्या काही दशकांत घरांनी भरून गेले. या तिन्ही गावांच्या तारेच्या फोनला मुंबई-ठाण्याचा ०२२ नव्हे, तर कल्याणचा ०२५१ हा कोड आहे.

आपल्या गावातून बदलापूरला तारेच्या फोनने बोललात, तर तुमचा आवाज आधी तांब्याच्या दोन तारांवरून गावच्या एक्स्चेंजपर्यंत जातो. तेथून मोठ्या एक्स्चेंजला, पुढे कल्याणला, तेथून बदलापूरच्या एक्स्चेंजला, आणि शेवटी पुन्हा दोन तारांवरून मुलाच्या घरी. एवढ्या वाटेवर सगळ्याच आवाजाला जागा देणे परवडणारे नव्हते. म्हणून जगभरच्या अभियंत्यांनी ठरवले, की आवाजातला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे सोडायचा. हर्ट्झ म्हणजे हवा एका सेकंदात किती वेळा थरथरते ते माप. जाड, घोगरा आवाज कमी हर्ट्झचा, शिट्टीसारखा बारीक आवाज जास्त हर्ट्झचा. माणसाच्या कानाला याच्या कितीतरी पट जास्त ऐकू येते. पण बोललेले समजायला आणि बोलणारा ओळखायला एवढा पट्टा पुरतो. रसाच्या चाळणीसारखेच हे आहे. हवे ते पुढे जाते, बाकीचे अडते.

या चाळणीत काय अडकते, ते वजनाचे आकडे फोनवरून घेणाऱ्यांना ठाऊक आहे. 'सात टन' की 'साठ टन', हा घोळ कितीदा होतो! 'स' मधली सळसळ बरीचशी ४००० हर्ट्झच्या वर असते, ती लाइनवर येतच नाही. 'त' आणि 'ठ' यांतला फरकही एका क्षणाच्या फुत्कारात असतो, तोही बोथट होतो. समोरासमोर कान चुकत नाही, फोनवर चुकतो. यात ऐकणाऱ्याचा दोष नाही, लाइनच तेवढी आहे. म्हणून फोनवर आकडा सांगताना "साठ, म्हणजे सहावर शून्य" असे सांगायची सवय ठेवावी. उसाची जात सांगतानाही "आठ, सहा, शून्य, तीन, दोन" असे सुटे आकडे सांगावेत.

सर्वांचे एक माप

चाळण एकसारखी असल्याशिवाय काम होत नाही. आपल्या वजनकाट्याचा किलो आणि शेजारच्या कारखान्याचा किलो वेगळा असता, तर किती भांडणे झाली असती! टेलिफोनचे तसेच आहे. आपले एक्स्चेंज एका कंपनीचे, कल्याणचे दुसऱ्या कंपनीचे, मुलाकडचा फोन तिसऱ्याच देशात बनलेला. तरी बोलणे होते, कारण सर्वांनी मान्य केलेली मापे आहेत.

ही मापे ठरवणारी संस्था फार जुनी आहे. १८६५ साली पॅरिसमध्ये तारायंत्रासाठी देशोदेशींचा संघ स्थापन झाला. आज तो आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली काम करतो. भारत त्याचा १८६९ पासून सदस्य आहे. संघाची टेलिफोनविषयक समिती १९५६ पासून सीसीआयटीटी या नावाने ओळखली जाई. १९९३ मध्ये तिचे नाव बदलले, काम तेच राहिले. समिती जे ठरवते त्याला 'शिफारस' म्हणतात. शिफारशीची सक्ती नसते, पण ती पाळली नाही तर तुमचे यंत्र इतरांशी बोलणार नाही, म्हणून सगळे पाळतात. शिफारशींना अक्षरे दिलेली आहेत. आवाजाच्या वहनासाठी 'जी', टेलिफोनवरून आकडे पाठवण्यासाठी 'व्ही', आणि फॅक्ससारख्या यंत्रांसाठी 'टी'. मोडेमच्या खोक्यावर 'व्ही.३४' किंवा 'व्ही.९०' असे छापलेले असे, ते याच यादीतले नंबर.

आवाजाचे आकडे

पूर्वी आवाज तारेवरून विजेच्या लाटेसारखा जसाच्या तसा जाई. लांब गेला की मंद होई, मध्येच वाढवावा लागे, आणि त्याबरोबर खरखरही वाढे. यावर उपाय निघाला तो असा, की आवाजाची लाट न पाठवता तिची मोजमापे पाठवायची.

आपण ऊस पक्व झाला का ते कसे बघतो? सगळा फड काही मोजत नाही. ठराविक अंतरावरून ऊस घ्यायचे, हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स बघायचा, आणि त्या आकड्यांवरून फडाची कल्पना करायची. नमुने पुरेसे घेतले तर अंदाज बरोबर येतो. आवाजाचेही तसेच. एक्स्चेंजमध्ये आवाजाच्या लाटेचे दर सेकंदाला ८००० नमुने घेतात. ८००० च का? कारण नियम असा आहे, की लाट जितक्या वेगाने थरथरते त्याच्या किमान दुप्पट नमुने घ्यावे लागतात. आपला पट्टा ३४०० पर्यंतचा, थोडी मोकळीक धरून ४०००, आणि त्याची दुप्पट ८०००.

प्रत्येक नमुन्याची उंची ८ बिटांत लिहितात. बिट म्हणजे फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढे सांगणारी खूण. ८ बिटांत २५६ वेगवेगळ्या पायऱ्या मांडता येतात. येथे एक हुशारी केलेली आहे. कुजबुज मोजायला बारीक पायऱ्या आणि ओरडणे मोजायला मोठ्या पायऱ्या ठेवल्या आहेत. सोन्याला सोनाराचा काटा आणि ट्रकला वजनकाटा, तसा हा प्रकार. ट्रकच्या वजनात दोन-चार किलो इकडेतिकडे झाले तर कळत नाही, पण सोन्यात गुंजही कळते. या पायऱ्यांच्या दोन पद्धती जगात आहेत. उत्तर अमेरिका आणि जपानची एक, युरोप आणि भारताची दुसरी. भारतात जी चालते तिला 'ए-लॉ' म्हणतात. दोन्ही पद्धती १९७२ सालच्या जी.७११ या शिफारशीत दिलेल्या आहेत.

आता हिशेब करा. ८००० नमुने गुणिले ८ बिट म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. एका बोलण्याला एवढी जागा. असे ३० संभाषणांचे गठ्ठे बांधून, मोजदादीसाठी आणखी दोन वाटा जोडून, सेकंदाला २०,४८,००० बिटांची एक मोठी वाट होते. एक्स्चेंज ते एक्स्चेंज अशा मोळ्या बांधून आवाज जाऊ लागला. आकड्याला खरखर लागत नाही. म्हणून कल्याणवरून आलेला आवाजही शेजारच्या गावातून आल्यासारखा स्वच्छ येऊ लागला.

मोडेम: आकड्यांनी घेतलेले आवाजाचे सोंग

संगणक आले तेव्हा प्रश्न असा, की त्यातल्या नोंदी दुसऱ्या गावच्या संगणकाला कशा पाठवायच्या? स्वतंत्र तार टाकणे कोणाला परवडणार? टेलिफोनची तार मात्र घरोघर होती. पण ती फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झमधला आवाज सोडणार. मग बिटांनाच आवाज द्यायचे ठरले. हे काम करणारे खोके म्हणजे मोडेम. एका टोकाला ते बिटांचा आवाज करते, दुसऱ्या टोकाला आवाजाचे पुन्हा बिट करते.

पहिली सोपी रीत व्ही.२१ या शिफारशीत आहे, १९६४ सालची. फोन करणारा मोडेम 'एक' सांगायला ९८० हर्ट्झचा सूर काढतो आणि 'शून्य' सांगायला ११८० हर्ट्झचा. उत्तर देणारा मोडेम वरच्या पट्टीतले १६५० आणि १८५० हर्ट्झ वापरतो. त्यामुळे दोघे एकाच वेळी बोलले तरी गोंधळ होत नाही. वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे साधारण ३० अक्षरे. सभासदाचा नंबर, नाव, गट नंबर, जात, क्षेत्र आणि लागण तारीख अशी दोनशे अक्षरांची ऊस नोंद पाठवायला सात सेकंद लागतील.

पुढे अभियंते शहाणे झाले. नुसता सूर बदलण्याऐवजी सुराची उंची आणि त्याची लय दोन्ही बदलून एकेका ठोक्यात चार-चार बिट बसवू लागले. व्ही.२२बिसने सेकंदाला २४०० बिट झाले. १९८४ च्या व्ही.३२ ने ९६०० झाले, १९९१ च्या व्ही.३२बिसने १४,४०० झाले. १९९४ चे व्ही.३४ आले तेव्हा २८,८०० आणि नंतर ३३,६०० झाले. शेवटी १९९८ च्या व्ही.९० ने ५६,००० पर्यंत मजल मारली, पण तीही फक्त आपल्याकडे येणाऱ्या दिशेने, आणि मध्ये आवाजाचे आकडे एकदाच होत असतील तर. खेड्यातली लाइन दोन-तीन ठिकाणी बदलत गेली, की तो वेग हाती येत नसे.

जुन्यांना आठवत असेल, इंटरनेटसाठी फोन लावला की आधी किर्रर्र, टूँऽऽ, खर्रर्र असा आवाज येई. तो बिघाड नव्हता. दोन मोडेम एकमेकांना विचारत, "तुला कोणकोणत्या शिफारशी येतात? लाइन कशी आहे? किती वेगाने बोलू या?" तोडणी मुकादम आणि गाडीवान पहाटे बसून ठरवतात ना, तसेच. लाइन वाईट निघाली तर दोघे वेग कमी करून घेत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा फोनवरचा वेग सेकंदाला ९६०० बिटांचा होता. आजच्या मोबाइलवरचा एक मेगाबाइटचा साधा फोटो त्या वेगाने यायला १४ मिनिटांच्या आसपास लागली असती.

वारणेचा धडा

साखर कारखान्यांच्या सभासदांना या सगळ्याचा उपयोग कसा होतो, हे आपल्या महाराष्ट्रातच वारणानगरला दिसले. १९९८ मध्ये तेथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावे त्यात घेतली. गावोगाव संगणक केंद्रे उघडली आणि ती कारखान्याला जोडली. हेतू मोठा होता. शेतीची माहिती, बाजारभाव आणि सरकारी कागद सगळे गावात मिळावे. प्रत्यक्षात लोकांनी केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसासाठी केला. नोंद झाली का, तोडणीची चिठ्ठी निघाली का, वजन किती भरले, खताची परवानगी आणि बिल कुठवर आले, हेच लोकांना हवे होते. त्यासाठी कारखान्याची फेरी वाचली, हा खरा फायदा.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधकांनी तेथे पाहणी केली. त्यांच्या ध्यानात आले, की केंद्र आणि कारखाना यांच्यात जाणारा मजकूर अगदी थोडा असतो. तेवढ्यासाठी संगणक, वीज आणि लाइन सांभाळण्यापेक्षा मोबाइलच्या साध्या संदेशाने काम भागेल. सात गावांत तसा प्रयोग करून पाहिला आणि तो चालला. यातून शिकण्यासारखे एवढेच, की आधी काय पाठवायचे आहे ते बघावे, मग वाट निवडावी. शेराच्या मापाला ट्रकचा काटा लागत नाही.

मोबाइलचा संदेश आवाजाचे सोंग घेतच नाही. फोन वाजवण्याची सूचना ज्या वेगळ्या वाटेने येते, त्याच वाटेने तो येतो. म्हणून बोलणे तुटत असलेल्या ठिकाणीही संदेश पोहोचतो. मात्र त्याचे माप ठरलेले आहे. इंग्रजी अक्षरांत १६०, आणि देवनागरीत फक्त ७०, कारण देवनागरीच्या प्रत्येक खुणेला जास्त बिट लागतात. काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. म्हणून कारखान्याचे मराठी संदेश इतके तुटक असतात. त्यात कंजुषी नाही, जागाच तेवढी आहे.

फॅक्स: कागदाची नांगरट

फॅक्सची कल्पना टेलिफोनपेक्षाही जुनी आहे. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश माणसाने १८४३ सालीच तिचे पेटंट घेतले होते. पण ती घरोघर पोहोचायला मापे ठरावी लागली. १९६८ च्या पहिल्या गटाच्या यंत्राला एका पानाला सहा मिनिटे लागत. १९७६ च्या दुसऱ्या गटाला तीन. १९८० मध्ये तिसरा गट ठरला आणि एक पान मिनिटाच्या आत जाऊ लागले. आपण ज्याला फॅक्स म्हणतो तो हाच.

काम कसे चालते? शेत नांगरताना तास घालावेत तसे यंत्र कागदावर आडवे तास घालते. प्रत्येक तासात १७२८ ठिपके बघते, प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढेच. साध्या प्रतीला एका मिलिमीटरमध्ये ३.८५ तास. म्हणजे आपल्या नेहमीच्या कागदावर ११४३ तास, आणि एकूण ठिपके पावणेवीस लाखांच्या घरात. सेकंदाला ९६०० च्या वेगाने हे सगळे पाठवायचे तर साडेतीन मिनिटे लागतील. मग मिनिटात कसे होते? कागद बहुतेक पांढराच असतो. "पांढरा, पांढरा, पांढरा" असे हजार वेळा सांगण्याऐवजी यंत्र "पांढरे एक हजार, काळे तीन, पांढरे दोनशे" असे सांगते. नेहमी येणाऱ्या संख्यांना आखूड खुणा आणि क्वचित येणाऱ्यांना लांब खुणा. या खुणांची यादी टी.४ या शिफारशीत छापलेली आहे आणि जगातल्या सर्व यंत्रांत ती तीच असते.

दोन यंत्रांनी एकमेकांशी कसे वागायचे ते टी.३० मध्ये आहे. पाठवणारे यंत्र दर तीन सेकंदांनी ११०० हर्ट्झचा अर्धा सेकंद 'टूँ' करते, म्हणजे "मी फॅक्स आहे". घेणारे २१०० हर्ट्झचा लांब सूर काढते, म्हणजे "मीही फॅक्सच, बोला". मग व्ही.२१ च्या संथ वेगाने ओळखपाळख होते, वेग ठरतो, चाचणीचे सूर जातात. चाचणी फसली तर १४,४०० वरून ९६००, तेथून ७२००, ४८००, २४०० असे खाली उतरतात. पान संपल्यावर घेणारे यंत्र "मिळाले" असे सांगते. ते आल्याशिवाय पाठवणाऱ्याच्या पावतीवर 'ओके' छापले जात नाही. म्हणून ती पावती जपून ठेवावी.

अंबरनाथला न गेलेले पान

२०११ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. पूर्वहंगामी लागण तोंडावर होती. गवताळ वाढीचा रोग पसरू नये म्हणून आपण बेणे गरम पाण्याची प्रक्रिया करून लावतो, पाणी ५० अंशांवर दोन तास. तापमान कमी पडले तर रोग राहतो, जास्त झाले तर डोळे मरतात. प्रक्रियेच्या टाकीचा तापक आणि त्याची नियंत्रण पेटी बिघडली. नवी जोडणी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपकडून करून घ्यायची होती. मापांचा आराखडा आणि सहीची मागणी फॅक्सने पाठवायला घेतली. पहिल्या खेपेला पाव पान गेले. दुसऱ्या खेपेला अर्धे, आणि खालच्या मापांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. तिसऱ्या खेपेला सूर जुळलाच नाही. फोनवर मात्र त्याच नंबरवर त्यांच्याशी खणखणीत बोलणे होत होते. तोंडी मापे सांगावीत तर पुन्हा 'सात' आणि 'साठ' चा धोका, आणि येथे दहा अंशांची चूक म्हणजे सगळी रोपवाटिका हातची गेली.

विचारपूस केल्यावर उलगडा झाला. वर्कशॉपने नुकताच जुना तारेचा फोन बाजूला ठेवून इंटरनेटवरून चालणारा नवा फोन घेतला होता. देणाऱ्याने "सगळं चालतं" असे सांगितले होते. त्यांच्या ऑफिसात जुनी तारेची लाइन अजून जिवंत होती. तिला फॅक्स जोडला आणि पान एका दमात गेले. चार दिवस गेले ते गेलेच, पण लागण साधली.

आवाज दाबून भरणे

नव्या फोनवर काय होत होते ते आता सांगतो. ६४,००० बिट एका बोलण्याला देणे मोबाइल आणि इंटरनेटवाल्यांना जड वाटले. त्यांनी विचार केला, की माणसाचा घसा म्हणजे एक नळी. तिच्यात वारा जातो, जीभ-ओठ आकार बदलतात. मग आवाजाची लाट पाठवण्याऐवजी "घसा आत्ता असा, वारा एवढा" एवढेच वर्णन पाठवू, पलीकडचे यंत्र त्यावरून आवाज पुन्हा घडवेल. ऊस पाठवण्याऐवजी गुळाची कृती पाठवावी तसे हे. या शास्त्रात मोठे काम करणाऱ्यांत आपल्या कानपूरला जन्मलेले आणि अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत काम केलेले शास्त्रज्ञ बिष्णू अटल आहेत. सुरुवातीच्या जीएसएम मोबाइलमध्ये आवाज १३,००० बिटांत बसला. १९९६ च्या जी.७२९ मध्ये तर ८००० बिटांतच, म्हणजे पूर्वीच्या आठव्या हिश्श्यात.

बोलण्याला यात फारसे काही बिघडत नाही. पण फॅक्स किंवा मोडेम हा माणूस नव्हे. त्याच्या सुराला घसाच नाही! यंत्र त्या सुरांचे घशाच्या भाषेत वर्णन करायला जाते आणि पलीकडे भलतेच काही उमटते. सोंग येथे उघडे पडते. शिवाय इंटरनेटवर आवाज बहुधा सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या पुड्या बांधून जातो. एखादी पुडी वाटेत हरवली तर कान ती भरून घेतो. फॅक्सला ते जमत नाही, ठोका चुकला की पुढचे सगळे पान बिघडते.

यावर उपाय १९९८ च्या टी.३८ या शिफारशीत आहे. त्यात फॅक्सचा सूर इंटरनेटवरून पाठवतच नाहीत. अलीकडचे खोके सुराचे पुन्हा काळे-पांढरे ठिपके करते, ठिपक्यांच्या पुड्या पाठवते, आणि पलीकडचे खोके त्यांचा पुन्हा सूर करून तिथल्या फॅक्सला ऐकवते. मात्र दोन्ही टोकांना आणि मध्येही ती सोय असली पाहिजे. ती नसेल तर निदान आवाज न दाबता जी.७११ ने, पूर्ण ६४,००० बिटांत, पाठवावा लागतो.

आता बदलापूरच्या मुलाच्या आवाजाविषयी. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यानंतर चौथ्या पिढीच्या जाळ्यावरून बोलणे आपल्याकडे सर्रास झाले. त्यात रुंद पट्ट्याची नवी पद्धत असते, ५० ते ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज सोडणारी. 'स' ची सळसळही येते, म्हणून मुलगा शेजारी बसल्यासारखा वाटतो. पण दोन्ही मोबाइल, दोन्ही कंपन्या आणि मधली वाट यांना ती पद्धत चालली पाहिजे. एकाला जरी नाही चालली, किंवा एका टोकाला तारेचा फोन असला, की सगळे पुन्हा ३४०० च्या चाळणीवर येतात. रेंज कमी झाली की बिट आणखी कमी केले जातात, आणि मग पत्र्याचा डबा वाजतो.

विजेची एक गोष्ट

तांब्याच्या लाइनचा एक गुण विसरू नये. तिला लागणारी वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून त्याच तारेने येते. गावात दिवे गेले तरी साधा फोन चालतो. फायबरला ती सोय नाही. घरातल्या खोक्याला वीज लागते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात आपल्या ओळखीची कोल्हापूरची महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. हजारावर प्रवासी त्या दिवशी सुखरूप बाहेर काढले गेले. अशा वेळी गावी बसलेल्यांचा जीव फोनपाशीच असतो. म्हणून फायबर घेतलेल्यांनी खोक्यासाठी छोटी बॅटरी ठेवावी.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१) सोसायटी किंवा दुकानाची लाइन बदलण्यापूर्वी जुन्या लाइनला काय काय जोडलेले आहे ते आधी पाहावे. फक्त फोन, की फॅक्स, कार्डाचे यंत्र, धोक्याची घंटाही?

२) नवी लाइन देणाऱ्याला स्पष्ट विचारावे, "टी.३८ चालतं का? नसेल तर आवाज न दाबता जी.७११ देता का?" उत्तर लेखी घ्यावे.

३) नव्या लाइनवर दोन-चार पाने फॅक्स करून पाहावीत, समोरच्याकडून पूर्ण मिळाल्याची खात्री करावी, आणि मगच जुनी लाइन सोडावी. एकदा सोडलेली तांब्याची लाइन परत मिळेलच असे नाही.

४) पाने तुटत असतील तर यंत्राचा वेग ९६०० वर आणून पाहावा. बऱ्याच यंत्रांच्या सेटिंगमध्ये ही सोय असते.

५) मापे, वजने, तापमान आणि औषधांचे प्रमाण केवळ तोंडी सांगू नये. सांगावेच लागले तर आकडे सुटे सुटे सांगावेत, आणि समोरच्याला परत म्हणायला लावावेत.

६) कारखान्याचा संदेश मोबाइलवर आला की तोडणीची तारीख आणि वजन आपल्या पावतीशी ताडून पाहावे. फरक दिसला तर गट ऑफिसला त्याच आठवड्यात कळवावे.

फॅक्स आज मागे पडत चालला आहे, मोडेमची किरकिर तर नव्या पोरांनी ऐकलेलीही नाही. तरी या शिफारशींतली गोष्ट जुनी होत नाही. दोन टोकांचे माप एक असेल तरच माल पोहोचतो, मग तो ऊस असो की आकडा. नवी सोय जरूर घ्यावी. ती कोणत्या मापाने चालते एवढे मात्र विचारून घ्यावे, आणि विचारायला संकोचू नये.

ज्यांना याबाबत शंका असतील त्यांनी गट ऑफिसात भेटावे. पुढील अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी माहिती देऊ.